एकशे साठ नंबर

अक्रातल्या रेडिओ-टीव्ही केंद्राबाहेर वाचेच्या, म्हणजे चवळी-भाताच्या, टपरीपुढच्या रांगेत अराबा क्वान्सा सातवी उभी होती. भातावर अंडं एक घ्यायचं की दोन, एवढाच विचार डोक्यात होता. तेवढ्यात मागून कुणीतरी तिच्या खांद्यावर दोन बोटं टेकवली. हलकेच, दार ठोठावावं तशी. मान वळवायच्या आधीच ती कुणाची ते तिला कळलं. कुणाची बोटंसुद्धा ओळखीची असू शकतात हे तिला आजवर माहीत नव्हतं.

"इंजिनीअरबाई, आता आम्हाला ओळखायचं नाही असं ठरवलंय का?"

मिस्टर डोग्बे. केस सगळे पांढरे झालेले, गाल आत गेलेले, शर्ट मात्र तसाच, कडक इस्त्रीचा, खिशाला दोन पेनं. सात वर्षांत तिने या भेटीच्या कितीतरी तालमी केल्या होत्या. कधी ते रस्त्यापलीकडून तोंड फिरवून निघून जायचे, कधी चारचौघांत तिला शिव्या घालायचे. ते हसतील असं मात्र एकाही तालमीत नव्हतं.

"बारीक झाल्येस," ते म्हणाले. "मोठ्या खुर्चीवर बसल्यावर लोक जाड होतात. तू उलटीच. नवरा जेवू घालत नाही?"

"नवरा नाहीये, मिस्टर डोग्बे."

"मग बरोबर. उपाशीच राहणार." त्यांनी वाचेवालीला हाक मारली, "ताई, हिला दोन अंडी घाल. माझ्याकडून. ही माझी शिष्या. म्हणजे खरं तर मी हिचा शिष्य, पण वयामुळे उलटं सांगावं लागतं."

रांगेतले चार लोक हसले. अराबाही हसली. पानात बांधलेला गरम भात तिच्या हातात आला, चटका बसला, तरी तिने तो दुसऱ्या हातात घेतला नाही. ते बोलत होते. पेन्शन, बायकोचा गुडघा, पोर्तुगालला गेलेला मुलगा. मग आवाज किंचित खाली आणून म्हणाले, "शनिवारी मोकळी आहेस का? अव्लेटीला जायचंय. सोळा गावांपैकी ते शेवटचं. भाऊ यायचा बरोबर, पण तो आता अंथरुणावर आहे. आणि कबुली द्यायला माणसाने एकट्याने जाऊ नये, वडीलधारी मंडळी मानत नाहीत. ऑफिसातलं कुणी असलं तर बरंच दिसेल."

"कसली कबुली?" असं तिने विचारलं खरं, पण विचारतानाच तिला उत्तर कळलेलं होतं.

"कसली म्हणजे? त्यांची गाणी मी पुसली ना. जाऊन सांगायला नको?"

ती हो म्हणाली. नाही म्हणायला काहीतरी कारण लागलं असतं, आणि त्या क्षणी तिच्याकडे एकच कारण होतं.

ते पान तिने ऑफिसात नेऊन तसंच टेबलावर ठेवलं. संध्याकाळपर्यंत तेल पानातून झिरपून कागदांवर गोल डाग पडला होता. सोळा गावं. ती मनात म्हणत राहिली, सोळा गावं. दर सुट्टीला एक म्हणाल तरी केवढा काळ. म्हणजे ती नवीन फ्लॅटमध्ये पडदे लावत होती, जोहान्सबर्गच्या परिषदेत टाळ्या घेत होती, तेव्हा हा माणूस कुठल्यातरी ट्रोट्रोच्या, म्हणजे खचाखच मिनीबसच्या, मागच्या बाकावर कबुलीसोबत द्यायची श्नॅप्सची, दारूची बाटली मांडीवर धरून तिचा अपराध गावोगाव पोचवत होता. तिचा. हा शब्द तिने स्वतःशीही फार वेळा उच्चारलेला नव्हता. तिच्या मनात त्या दुपारीला नाव नव्हतं. 'ते' म्हणायची ती, 'ते झालं तेव्हा'. जणू ते आपलं आपण झालं होतं, पाऊस पडतो तसं.

झालं होतं ते असं. रेडिओच्या डिस्क एका जाळ्यात होत्या, टीव्हीच्या दुसऱ्या जाळ्यात. दोन्ही जाळी वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळ्या माणसांनी बांधलेली, आणि दोघांनीही आपल्या पहिल्या स्विचला, म्हणजे डिस्क जोडायच्या पेटीला, एक नंबर दिलेला, कोण कशाला दोनापासून मोजायला सुरुवात करील. मग वरून हुकूम आला की रेडिओ आणि टीव्ही एक झाले, आता एकमेकांच्या डिस्कवरचा साठाही दोघांना दिसला पाहिजे. सरळ केबल टाकून जोडलं असतं तर एक नंबरचे दोन स्विच समोरासमोर आले असते आणि कुणीच कुणाला आत घेतलं नसतं. सगळे नंबर बदलायचे तर दोन्ही केंद्रं आठवडाभर बंद. म्हणून मध्ये राउटर बसवायचा. जाळी आपापल्या जागी वेगळीच राहणार, फक्त इकडच्या डिस्कला तिकडे एक नवा, उसना नंबर मिळणार, आणि राउटरमधला तक्ता उसन्या नंबराचा खरा आणि खऱ्याचा उसना करत बसणार. टीव्हीच्या सर्व्हरला एकशे साठ नंबरची डिस्क दिसेल, तो तिच्याशी बोलेल. तिचं रेडिओकडचं खरं ठिकाण कोणतं हे त्याला कधी कळणार नाही, कळायची गरजही नाही. अराबाला हे फार आवडायचं. अक्रात घर सांगताना पत्ता कुणी सांगत नाही, पिवळ्या टपरीनंतरचं गेट म्हणतात, आणि माणूस बरोबर पोचतो. तसंच आहे हे, असं तिने डोग्बेंना समजावलं होतं. ते तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचे होते. चौतीस वर्षं रेकॉर्डर खांद्याला लावून ते किनाऱ्याच्या गावांत हिंडले होते, मर्तिकाची गाणी, जाळी ओढायची गाणी, भांडणाची गाणी गोळा करत. फिती आंबून त्यांना व्हिनेगरचा वास यायला लागला तेव्हा त्यांनी एकेक फीत स्वतः वाजवून डिस्कवर चढवली. चार वर्षं लागली. नंतर फिती फेकून दिल्या, ठेवायला खोली नव्हती. आणि त्या डिस्क दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायच्या नाहीत म्हणून या माणसाने उतारवयात ते काम शिकून घेतलं, तिच्याकडून, वहीत चित्रं काढत. 'उसना' हा शब्दही त्यांचाच.

तो रविवार होता. सगळं शहर चर्चमध्ये, म्हणून दुपारचं काम. राउटर तिच्या ताब्यात, मुख्य इमारतीत. डोग्बे टीव्हीच्या सर्व्हरपाशी, आवाराच्या दुसऱ्या टोकाला, फोन कानाला. टीव्हीला नवी रिकामी डिस्क द्यायची होती, आणि ती रेडिओच्या जाळ्यात होती, आठव्या जागी. तिसऱ्या जागी गाणी होती. तक्त्यात एकच ओळ भरायची. उसना एकशे साठ, खरी जागा आठ. तिने तीन लिहिलं. का लिहिलं याची तिने नंतर पुष्कळ कारणं जमवली. तिसऱ्या जागेची ओळ त्याच सकाळी दुसऱ्या कामासाठी लिहिली होती, बोटांना ती सवय झाली होती, भूक लागली होती, आईचे फोनवर फोन येत होते. सगळी खरी होती. त्यातल्या एकाही कारणाने तीनाचा आठ होत नव्हता.

"एकशे साठ दिसतेय," डोग्बे फोनवर म्हणाले होते. "पण बाई, ही रिकामी आहे ना नक्की? सर्व्हर म्हणतो ओळखीची खूण नाही, साफ करू का."

"टीव्हीच्या सर्व्हरला रेडिओची खूण कशी कळेल? तो सगळ्यांनाच तसं म्हणतो. करा साफ."

"एकदा बघतेस का?"

"मिस्टर डोग्बे, एकशे साठच वाचताय ना? मग झालं. करा."

त्यांनी केलं. दुसरी प्रत नव्हती. ती घ्यायची सोय टीव्हीकडे होती, त्यासाठीच तर जोडणी चालली होती. चार वाजून दहा मिनिटांनी रेडिओच्या ड्यूटीवरच्या पोराने नव्हे, खुद्द डोग्बेंनीच फोन केला की तिसरी जागा उघडत नाही. तेव्हा तिने तक्ता पाहिला. डोळ्यांसमोर ओळ होती, आणि त्या ओळीत तीन होता. कान तापले एवढं तिला आठवतं, आणि खोलीतल्या पंख्यांचा आवाज एकदम लांब गेल्यासारखा झाला. साहेब यायला अर्धा तास होता. तिने तीनाचा आठ केला, राउटरच्या नोंदीतून दोन ओळी काढल्या आणि हात धुवून आली. साबण लावून, कोपरापर्यंत. त्या अर्ध्या तासात तिने जे केलं ते चुकून झालं असं तिला कधीच म्हणता आलं नाही. तीन चुकून झाला होता. आठ तिने केला होता.

चौकशीला पाच माणसं बसली. कामाच्या कागदावर आठ, तक्त्यात आठ. डोग्बे म्हणाले, मी एकशे साठच साफ केली. अध्यक्ष सौम्यपणे म्हणाले, एकशे साठ तर ही रिकामी डिस्क आहे, मिस्टर डोग्बे, ती साफ करून गाणी कशी जातील?  डोग्बेंनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. तो हात टेबलावर होता, आणि ते त्याच्याकडे दुसऱ्याच कुणाचा तरी असल्यासारखं बघत होते. म्हणाले, "मग माझीच नजर घसरली असणार. मला वाटलं मी एकशे साठ वाचलं." अराबा त्यांच्या शेजारच्या खुर्चीत होती. हातभर अंतरावर. तिला विचारलं, तुम्हाला काही सांगायचंय? ती म्हणाली, "मिस्टर डोग्बे फार काळजीने काम करतात." हे वाक्य त्यांच्या बाजूचं आहे असं तिला त्या वेळी वाटलं होतं. त्यांना दोन वर्षं आधी घरी पाठवलं. निरोपाला केक कापला. तिला पुढे बढती मिळाली, आणि एक नाव मिळालं. अराबा एकेक ओळ तीनदा तपासते. नव्या मुलींना तिचं उदाहरण द्यायचे.

शनिवारी सकाळी ते तिच्या गाडीत बसले तेव्हा बाटली वर्तमानपत्रात गुंडाळलेली होती आणि अंगावर मर्तिकाचं काळं-तांबडं कापड होतं. टेमा मागे पडलं, डावेन्या मागे पडलं, दोन्ही बाजूंना सपाट गवत आणि वारुळं सुरू झाली. ती सांगायचं ठरवून निघाली होती. पहिल्या टोलनाक्यानंतर सांगू. मग सेगे गाव आलं की. पण ते बोलत होते, आणि त्यांच्या बोलण्याला खाचच सापडत नव्हती. एका गावात म्हाताऱ्यांनी त्यांना दोन तास उन्हात उभं केलं होतं. दुसऱ्या गावी लोक म्हणाले, गेलं तर गेलं, पुन्हा गातो, लाव तुझं मशीन. आणि गायला बसले तर अर्धं कुणालाच येईना, सगळे एकमेकांकडे बघत राहिले.

"तुम्हाला राग नाही येत?" तिने विचारलं.

"कुणाचा?"

तिने समोर रस्त्याकडे पाहिलं. पुढे टोमॅटोच्या टोपल्यांनी भरलेला ट्रक चालला होता.

"येतो," ते थोड्या वेळाने म्हणाले. "हाताचा येतो. चौतीस वर्षांत या हाताने एक फीत तोडली नाही बघ."

अव्लेटी खाजणाच्या कडेला होतं. सरदारांच्या, म्हणजे तोग्बेंच्या अंगणात कडुनिंबाखाली बाकं मांडली होती. आधी पाणी दिलं, मग येण्याचं कारण विचारलं. तोग्बेंशी थेट बोलायचं नसतं. बोलणं त्सियामीला सांगायचं, तो हातातली काठी जमिनीला टेकवून ते तोग्बेंना सांगतो, आणि त्यांचं उत्तर फिरून त्याच्याच तोंडून येतं. त्सियामी निवृत्त शाळामास्तर होता, इंग्रजी चांगलं होतं. उजव्या बाजूला साठीची एक बाई बसली होती, यावा. तिची आई इथली मर्तिकाची गाणी रचणारी. तिची बावीस गाणी डोग्बेंच्या फितींत होती. आई गेली त्याला बारा वर्षं झाली.

डोग्बे उभे राहिले, कापड खांद्यावरून खाली घेतलं आणि एवे भाषेत बोलू लागले. अराबाला एवे येत नव्हतं. पण हेच बोलणं त्यांनी पंधरा वेळा केलेलं होतं, ते घासून गुळगुळीत झालेलं तिला आवाजावरूनच कळत होतं. मध्ये त्यांनी उजवा हात पुढे केला, उताणा. मग यावाने काहीतरी विचारलं. मास्तरांनी, पाहुणी आहे म्हणून, अराबाकडे किंचित झुकून सांगितलं, "ती विचारते, आईचा आवाज आता कुठे आहे? आणि हे म्हणतात, कुठेही नाही, माझ्या हाताने गेला."

अराबा उठली. 

"मास्तर," ती इंग्रजीत म्हणाली, "चूक यांची नाही."

डोग्बे वळले. "बस," ते हळू म्हणाले. "माझी बाजू घ्यायला नाही आणलं तुला."

"बाजू घेत नाहीये. तक्त्यातली ओळ मी चुकीची लिहिली. यांनी वाचलं ते बरोबर होतं, पण त्या नंबरामागे मी रिकाम्या डिस्कऐवजी गाण्यांची डिस्क ठेवली होती. यांनी मला दोनदा विचारलं. मी न बघता करा म्हटलं. मग ती ओळ मी दुरुस्त केली आणि खुणा पुसल्या. चौकशीत गप्प बसले."

मास्तरांनी काठी उचलली नाही. ते तिच्याकडे बघत राहिले. "बाई, हे मी तोग्बेंना सांगू? एकदा सांगितलं की परत घेता येत नाही."

"सांगा."

काठी टेकली. मास्तर सावकाश बोलले, तिच्या प्रत्येक वाक्यासाठी त्यांनी तेवढंच एक वाक्य घेतलं, आणि तिला समजत नसूनही कुठलं चाललंय ते कळत होतं. ती डोग्बेंकडे बघत होती. इंग्रजीत ऐकताना त्यांच्या चेहऱ्यावर काहीच हललं नव्हतं. आता त्यांच्याच भाषेत येत होतं तसे त्यांचे ओठ थोडे उघडे राहिले. ते शब्द तोंडात घोळवून बघत असल्यासारखे. मग ते खाली बसले, आणि बसताना हाताने बाक चाचपून बसले.

तोग्बे थोडंच बोलले. मास्तर म्हणाले, "तोग्बे विचारतात, बाटली कुणी आणली?"

"मी," डोग्बे म्हणाले.

"मग ती परत न्या. ज्याची चूक त्याने आणावी. आज आम्ही काही ऐकलं नाही असं धरू."

यावा उठली. तिने कलाबाशीत, म्हणजे भोपळ्याच्या वाडग्यात, पाणी घेतलं आणि दोन्ही हातांनी डोग्बेंना दिलं. अराबापाशी ती थांबली नाही.

परतताना ते मागच्या सीटवर बसले. तिने पुढचं दार उघडून धरलं होतं, ते तिला वळसा घालून मागे गेले.  सोगाकोपेच्या पुलाजवळ ब्रेड विकणाऱ्या बायका खिडकीशी आल्या, आरशात अराबाला त्यांचे हात दिसले आणि त्यांच्यामागे डोग्बेंचा अर्धा चेहरा. नदी रुंद, करडी, चमकणारी. सात वर्षं तिला वाटत आलं होतं की सांगितल्यावर काहीतरी हलकं होईल. तसं काही झालं नव्हतं. फक्त आता ते दोघांकडे होतं.

"म्हणजे मी एकशे साठच वाचलं होतं," ते मागून म्हणाले.

"हो."

"मला वाटलं असं नाही. वाचलं होतं."

"वाचलं होतं, मिस्टर डोग्बे."

"मी झोपेत तो पडदा बघायचो. कधी एकशे साठ दिसायचं, कधी एकशे तीन. एकशे तीन नंबर कुठे नव्हताच. तो मी नंतर बनवला, माझं मलाच पटावं म्हणून." त्यांचा आवाज चढला नाही. "तुला कधी कळलं?"

"त्याच दुपारी. चार वाजून दहा मिनिटांनी."

"निरोपाला केक तू कापून दिलास मला."

तिची नजर आरशातून रस्त्यावर आली.

"गाडी थांबव."

तिने गाडी रस्त्याखाली, खडीवर घेतली. ते उतरतील, ट्रोट्रोला हात करतील, असं तिला वाटलं. ते उतरले नाहीत. त्यांनी फोन काढला आणि घरी लावला. एवेमध्ये बोलले, मोजकंच. त्यात तिला आपलं नाव ऐकू आलं. अराबा क्वान्सा. मग पुन्हा एकदा. दोन्ही वेळा त्यांनी ते अगदी स्पष्ट उच्चारलं. मग त्यांनी फोन सीटांच्या मधून पुढे केला.

"एन्योनाम आहे, माझी बायको. तिला सांग. माझं ऐकून तिला खरं वाटायचं नाही."

फोन गरम होता. तिने तो कानाला लावला. पलीकडे कुणीतरी श्वास घेत होतं, आणि मागे भांड्यात नळ चालू होता.

"मिसेस डोग्बे," ती म्हणाली, "ते खरं आहे. त्या दिवशी मिस्टर डोग्बेंचा हात चुकला नव्हता. माझा चुकला. मी ते लपवलं."

नळ बंद झाला.

"नजरही नाही चुकली?"

"नाही."

"विसरभोळेपणाही नाही?"

"नाही. काहीच नाही."

पलीकडे खुर्ची सरकली. रस्त्यावरून एक लांबलचक ट्रक गेला आणि गाडी हलली.

"सात वर्षं," एन्योनाम म्हणाली, इंग्रजीत, एकेक शब्द सुटा ठेवत, "ते दार लावून येतात आणि मी त्यांच्यामागे जाऊन कडी बघते. गॅस बघते. नातीला त्यांच्या एकट्याबरोबर रस्त्यावर सोडत नाही. त्यांना कळतं मी बघते ते. म्हणून आता ते आधीच मला हाक मारतात, ये बघून घे म्हणून. आम्ही त्याबद्दल कधी बोललो नाही." ती थांबली. "हे तुला माहीत होतं?"

"नाही," अराबा म्हणाली.

"आता झालं माहीत," ती म्हणाली. "त्यांच्याकडे दे फोन."

तिने फोन मागे दिला. त्यांनी तो कानाला लावला आणि ते ऐकू लागले. ते नुसती मान हलवत होते, समोर बायको बसली असावी तसे. अराबाने इंजिन सुरू केलं नाही. दार उघडून ती बाहेर खडीवर उतरली आणि त्यांचं बोलणं व्हायची वाट बघत उन्हात उभी राहिली.